रीडिंग आलं तेच लिही

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचा फोन आला होता. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला (केंद्रीय प्रवेश फेरीत) सिव्हिल मिळालं, कॉलेज सरकारी आहे, फी झेपण्यासारखी आहे, तरी घरात सगळ्यांचे चेहरे पडलेत म्हणाले. कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं ना! ते दुःख पहिल्या सबमिशनपर्यंत टिकतं, मग दुःख करायलाही वेळ उरत नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पसारा पुणे, अहिल्यानगर, नाशिक असा तीन जिल्ह्यांचा. सगळीकडे पेपर एकच. तो कोण काढतं, कोण तपासतं, कुणाला पत्ता नसतो. एवढ्या रामरगाड्यात आपल्याकडे कुणी जातीनं लक्ष देईल अशी आशा ठेवू नकोस. परीक्षेचं तंत्र सीनियर शिकवतीलच: जुने पेपर, युनिटवार प्रश्न, आणि एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) अजिबात राहू द्यायचं नाही. त्यात मी आणखी काय सांगणार? मला लिहायचंय ते जर्नलबद्दल, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीबद्दल.

सेमिस्टर अर्धं व्हायच्या आत कुणीतरी तुझ्या हातात गेल्या वर्षीचं जर्नल ठेवेल. कव्हर घातलेलं, सह्या झालेलं, रीडिंग, आकडेमोड, आलेख सगळं तयार. बॅचमध्ये वीस जण असले तरी यंत्राला हात तिघाचौघांचाच लागतो. बाकीचे जर्नल छापतात. ड्रॉइंगच्या शीटची एखाद्या रात्री जीटी मारलीस (काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट गिरवलीस) तर मी काही म्हणणार नाही, दोनच दिवसांत सहा शीट मागणाऱ्यांनाही थोडा दोष जातो. पण दुसऱ्याचं रीडिंग मात्र कधी उचलू नकोस.

सर्व्हेच्या प्रॅक्टिकलचंच घे. ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि चार मीटरची स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) घेऊन बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठरलेल्या खुणेपासून, निघायचं आणि कॅम्पसला वळसा घालून पुन्हा तिथेच यायचं. निघताना आर.एल. (त्या खुणेची उंची, मीटरमध्ये) 100.000 धरली, तर परतताना तेवढीच यायला हवी. येते 100.015. ग्रुपमधला एखादा हुशार लगेच म्हणेल, कुठल्यातरी रीडिंगमध्ये पंधरा मिलिमीटर इकडचे तिकडे कर, जुळून जाईल. जुळेलही. बॅकसाइटच्या (मागच्या पॉइंटवरच्या रीडिंगच्या) बेरजेतून फोरसाइटची (पुढच्या पॉइंटवरच्या रीडिंगची) बेरीज वजा करून जो ताळा घेतात तो दोन्ही वेळा बरोबरच येतो, कारण तो फक्त तुझी बेरीज-वजाबाकी तपासतो. स्टाफ तिरकी धरली होती, हे त्याला कळत नाही.

खरं सर्व्हेइंग तिथून पुढे सुरू होतं. चेंज पॉइंट (यंत्र हलवताना स्टाफ जिथे कायम ठेवतात ती जागा) मऊ मातीवर घेतला आणि फोरसाइट झाल्यावर बॅकसाइट घेईपर्यंत स्टाफ रुतली का? एक रीडिंग दहा मीटरवर आणि दुसरं साठ मीटरवर घेतल्यामुळे यंत्राचा कोलिमेशनचा दोष (नजररेषा बरोबर आडवी नसण्याचा) आकड्यात उतरला का? परत जा, मधल्या पॉइंटवर यंत्र लाव, पुन्हा बघ. पंधरा मिलिमीटर म्हणजे काय एवढं, असं वाटेल. ड्रेनेजची लाइन एकास दोनशे उताराने टाकायची असेल, तर तीन मीटरच्या तुकड्याला मिळून उतारच पंधरा मिलिमीटर असतो. तेवढा चुकला की पाइप सपाट आणि चेंबर तुंबलेलं.

आपला धंदा वह्यांवर चालतो. लेव्हल बुक, क्यूब रजिस्टर (काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचणीची वही), ज्याच्यावर बिल निघतं ते एम.बी., म्हणजे मेजरमेंट बुक. पुलाखालचा पाया मातीने झाकला की त्याच्याबद्दल बोलायला ती वहीच उरते.

आता क्यूबचं. एम-20 (चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन ताकदीच्या) काँक्रीटच्या 150 मिलिमीटरच्या क्यूबने 28 दिवसांनी 450 किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ 46 टन भार सोसायला हवा. हा आकडा पाठ करू नकोस, 22,500 चौरस मिलिमीटरला 20 ने गुणून एकदा स्वतः काढ. पण एकाच घमेल्यातून भरलेले तीन क्यूबसुद्धा सारखे फुटत नाहीत. आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक देखील सरासरीच्या खाली-वर 15 टक्के फरक चालवून घेतो. एम-20 चं मिक्स डिझाइन करताना लक्ष्य धरतात चौरस मिलिमीटरला साधारण 26.6 न्यूटन. म्हणून साइटच्या रजिस्टरात ओळीने 26.5, 26.6, 26.7 दिसलं की ते क्यूब मशिनखाली गेलेच नाहीत असं मी समजतो. असं लिहिणारा पोरगा काही साइटवर बिघडलेला नसतो, एसईलाच (इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षालाच) बिघडलेला असतो.

याउलट कोयना. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूभाग, असं तोवर धरून चालायचे. धरणाच्या डिझाइनला भूकंपाचा गुणांक 0.05 (वजनाच्या पाच टक्के आडवा जोर) घेतला होता. धरणातच बसवलेल्या यंत्राने नोंदवलं 0.63 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या 0.63 पट. धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा गेल्या, धरण मात्र उभं राहिलं. ते रीडिंग बघून कुणाला ‘यंत्र बिघडलं असेल’ असं वाटलं असतं तर त्यात नवल नव्हतं. आकडा आला तसाच राहिला म्हणून 1970 मध्ये आयएस 1893 या भूकंपविषयक मानकातला देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलला, आणि काँक्रीटच्या धरणांचं विश्लेषण करणारे आजही जगभर कोयनेची नोंद घेऊन बसतात.

बाकीचं भराभर सांगतो. लॅबमधल्या मामांशी ओळख ठेव. कुठला डायल गेज अडकतो, कुठली चाळणी फाटलीय, हे सरांच्या आधी त्यांना माहीत असतं. आयएस कोड आता मानक ब्युरोच्या पोर्टलवर फुकट मिळतात, तेव्हा गाइडमधला उतारा वाचण्याऐवजी मूळ पान उघड. ईटॅब्स, स्टॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचे क्लासवाले पहिल्या वर्षीच गाठतील. थांब जरा. आधी दहा बाय बारा फुटांच्या खोलीवरचा 125 मिलिमीटरचा स्लॅब किती वजनाचा, हे कागदावर काढ. साडेतीन टनांच्या आसपास आलं पाहिजे. हा अंदाज हातात नसेल तर सॉफ्टवेअरने पस्तीस टन दाखवले तरी तुला खटकणार नाही.

खडकवासल्याला जाऊन ये. धरणही बघ आणि 1916 पासूनचं जल-विद्युत संशोधन केंद्रही; नद्या-बंदरांची मॉडेलं तिथे जमिनीवर मांडलेली असतात. कॉलेजकडून परवानगीचं पत्र मात्र आधी घे.

एमपीएससी की गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा), याचा निर्णय आत्ता नको. पहिल्या नोकरीचा पगार बघून आयटीतल्या मैत्रिणींचा हेवा वाटेल, तो वाटू दे. आणि साइटवर ‘मॅडम, तुम्ही ऑफिसात बसा, आम्ही बघतो’ म्हणणारे भेटतील. वाद घालू नकोस. टेप घे आणि स्टीलचं स्पेसिंग मोज. दोनदा बार कमी निघाले की तिसऱ्यांदा कुणी बसा म्हणत नाही.

लेव्हल बुक पेन्सिलने लिहितात, पण खोडरबर बरोबर नेऊ नकोस. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची आणि बरोबर आकडा वर लिहायचा. खालचा दिसला पाहिजे.

हॉस्टेलची यादी लागली की कळव. माझ्याकडे एक जुना ड्राफ्टर आणि दोन सेट-स्क्वेअर पडून आहेत, बाबांबरोबर पाठवून देईन. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका