थंडीतलं कांद्याचं पिठलं, पहिल्यांदा करताना

निफाडचा पारा उतरला की नाशिकमध्येही रात्री गरम काहीतरी हवंच. मग पिठलं कर. दोघांना तीन मध्यम कांदे, अर्धी वाटी बेसन, दोन वाट्या पाणी पुरे.

सगळी गंमत कांदा परतण्यात आहे. या दिवसांत बाजारात नवा लाल कांदा येतो. त्यात पाणी जास्त, म्हणून तो तांबूस व्हायला वेळ घेतो. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा उरला असेल तर त्याचं काम लवकर होतं. उभा चिर, फार बारीक नको. मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, मिरची, मग कांदा आणि लगेच मीठ, म्हणजे पाणी सुटून तो मऊ पडतो. मंद आचेवर दहा मिनिटं तरी दे. आच वाढवलीस तर कडा करपतात, आत कच्चा राहतो आणि गोडी येतच नाही.

हळद घाल. बेसन गार पाण्यात कालवून ओत, गुठळ्या होत नाहीत. (उकळत्या पाण्यात कोरडं पीठ भुरभुरणं हात बसल्यावर.) झाकून पाच-सात मिनिटं शिजव. निवताना घट्ट होतं, म्हणून जरा पातळच उतरव. वर कोथिंबीर, सोबत बाजरीची भाकरी. साखर मात्र अजिबात घालू नकोस.