एक मे आला की सेन्ना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ब्राझीलचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर आयर्टन सेन्ना १ मे १९९४ ला इटलीत इमोलाच्या ट्रॅकवर, रेस चालू असताना झालेल्या अपघातात गेला. मागच्या अंकात त्याच्यावर चार पानं छापली आणि तुमच्या पत्रांचा नुसता पाऊस पडला. सगळी घेणं शक्य नाही, काही निवडक घेतलीयेत, थोडी काटछाट करून.

प्रश्न: सेन्ना गेला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. जुन्या रेस बघून फॅन झालो. दरवर्षी १ मे ला इमोलाची ती क्लिप समोर येते आणि डोळ्यांत पाणी येतं. घरचे म्हणतात, ज्याला कधी पाहिलं नाही त्याचं कसलं सुतक पाळतोस? मी वेडा आहे का?

उत्तर: अहो नाही, आणि असाल तर सोबतीला खूप जण आहेत. १९९४ ला ब्राझील सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला होता. युरोपातून त्याला प्रवासी विमानाने आणलं तेव्हा शवपेटी सामानात टाकली नव्हती, प्रवाशांच्या केबिनमध्येच ठेवली होती. मग साओ पाउलोत फायर ब्रिगेडच्या गाडीवरून मिरवणूक, दोन्ही बाजूंना लाखो लोक, पुलांवर लोक, आणि विधानसभेच्या इमारतीत अंत्यदर्शनाला न संपणारी रांग. यातल्या किती जणांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलं असेल सांगा? बहुतेकांनी पाहिलं होतं ते टीव्हीवरचं पिवळं हेल्मेट, युरोपातली रेस तिकडे रविवारी सकाळी लागायची, आणि महागाईने पार वाट लावलेल्या त्या वर्षांत आठवड्यात एक चांगली बातमी मिळण्याची तेवढीच काय ती खात्री. १९९१ ला साओ पाउलोच्या इंटरलागोस ट्रॅकवर गिअरबॉक्स गेला, शेवटी गाडी सहाव्या गिअरलाच अडकली, तरी घरच्या ट्रॅकवरची पहिली रेस हा माणूस जिंकला आणि नंतर हात इतके आखडलेले की ट्रॉफी उचलता उचलेना. आता असा माणूस कुणाचा कोण लागतो हे घरच्यांना कसं समजावणार, सोडून द्या.

तुमची गोष्ट मात्र जरा वेगळी आहे आणि मला वाटतं जास्त अवघड आहे. तेव्हाच्या लोकांवर ते एकदम कोसळलं. तुम्हाला शेवट आधीच माहितीये, म्हणजे तुम्ही १९८८ चं मोनॅको बघत बसता तेव्हा याच्याकडे सहाच वर्षं उरलीयेत हे तुम्हाला कळतंय आणि त्याला नाही, त्यामुळे प्रत्येक लॅप बघताना घशात काहीतरी अडकणारच. एकच सांगतो, ती क्लिप बघणं बंद करा. दहा वर्षांची करिअर आहे हो त्याची, ४१ विजय, ६५ पोल (म्हणजे रेसला सगळ्यात पुढची जागा), तीन वर्ल्ड टायटल, आणि आपण फिरून फिरून बघतो काय तर तांबुरेलोची, म्हणजे इमोलाच्या त्या वळणाची भिंत.

प्रश्न: सेन्नाला कुणी मारलं? गुन्हेगाराला शिक्षा झाली का नाही?

उत्तर: "कुणी मारलं" हा शब्दच मला खटकतो, पण राग समजतो. सातव्या लॅपला गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या वर होती, वळणावर वळायचं सोडून सरळ गेली, त्याने ब्रेक मारला तरी भिंतीवर आदळताना वेग २०० च्या पुढेच. तशा धडकेतून तो कदाचित वाचलाही असता, पण पुढचं चाक तुटून परत त्याच्याकडे आलं आणि सस्पेन्शनचा तुकडा हेल्मेटमध्ये घुसला. केस इटलीच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालली. कॉकपिटमध्ये जागा हवी म्हणून सेन्नाच्याच सांगण्यावरून स्टिअरिंग कॉलममध्ये, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यात, बदल केलेला होता, तो कापून मध्ये कमी व्यासाचा तुकडा जोडलेला. त्याच्या विल्यम्स टीमचे इंजिनिअर पॅट्रिक हेड आणि एड्रियन न्यूई आधी निर्दोष सुटले, मग २००७ मध्ये वरच्या कोर्टाने म्हटलं की कॉलम तुटल्यानेच अपघात झाला आणि जबाबदारी हेड यांची, पण मुदत टळून गेलेली म्हणून शिक्षा कुणालाच नाही. जाणकारांचा वाद आजही चालू आहे, काही म्हणतात सेफ्टी कारच्या (ट्रॅकवर धोका असताना सगळ्यांना हळू चालवायला लावणाऱ्या गाडीच्या) मागे हळू चालून टायर थंड पडले, हवेचा दाब उतरला आणि गाडीचं पोट रस्त्याला घासून ग्रिप गेली. आपल्याला एक व्हिलन मिळाला तर बरं वाटेल हे खरंय. तो मिळत नाहीये, आणि मिळाला असता तरी दुःख तेवढंच राहिलं असतं.

प्रश्न: तुमच्या चार पानांत रोलांड रात्झेनबर्गरचं नाव फक्त एकदा आलं. तो माणूस नव्हता का?

उत्तर: हे पत्र सगळ्यात आवडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सेन्नाच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिलला, त्याच ट्रॅकवर क्वालिफायिंगमध्ये (रेसमधल्या जागा ठरवणाऱ्या फेरीत) हा ऑस्ट्रियन ड्रायव्हर गेला, सिमटेक टीमची गाडी, पुढचा विंग निखळला आणि व्हिलनव्ह वळणाआधी गाडी त्याच्या हातात राहिली नाही. वय ३३. इतकी वर्षं कुठे कुठे गाड्या चालवून कसाबसा फॉर्म्युला वनमध्ये पोचला होता, ब्राझीलला क्वालिफाय झाला नाही, जपानला अकरावा आला, आणि तिसऱ्या वीकेंडला संपलं सगळं.

त्याच्यासाठी देश थांबला नाही. पण एका माणसाने त्याची आठवण ठेवली होती आणि तो माणूस सेन्ना होता. अपघातानंतर सेन्नाच्या गाडीत गुंडाळलेला ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला, रेस संपल्यावर तो रात्झेनबर्गरसाठी फडकवायचा बेत होता. मोटर रेसिंगची जागतिक संघटना एफआयए, तिचे अध्यक्ष मॅक्स मोझली सेन्नाच्या अंत्ययात्रेला गेले नाहीत, साल्झबर्गला रात्झेनबर्गरच्या गेले, कारण बाकी सगळे तिकडे साओ पाउलोला होते. मोझलींबद्दल माझी मतं काही फार गोड नाहीत, पण हे त्यांनी केलं ते केलं. दोन आठवड्यांनी मोनॅकोला ग्रिडवरच्या, म्हणजे रेस सुरू होताना गाड्या उभ्या राहतात तिथल्या, पहिल्या दोन जागा रिकाम्या ठेवल्या, एकीवर ब्राझीलचा झेंडा रंगवला होता आणि दुसरीवर ऑस्ट्रियाचा. २०२४ ला माजी ड्रायव्हर सेबास्टियन व्हेटेलने इमोलाला सेन्नाची जुनी मॅक्लॅरन टीमची गाडी चालवली तेव्हा त्यानेही दोन्ही झेंडे फडकवले. म्हणजे ड्रायव्हर लोक विसरत नाहीत, विसरतो ते आपण फॅन. पुढच्या अंकात रात्झेनबर्गरवर लिहितोय, चार पानं.

प्रश्न: सगळे त्याला देव करून बसलेत. १९९० ला जपानच्या सुझुका ट्रॅकवर पहिल्याच वळणावर मुद्दाम त्याचा प्रतिस्पर्धी प्रोस्टच्या गाडीत घुसला होता, ते विसरायचं का?

उत्तर: अजिबात विसरायचं नाही. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच ते कबूल केलं. तो हट्टी होता, हा मागून आला की धडकायचं का बाजूला व्हायचं याचा विचार समोरच्याने करावा अशी त्याची चाल असायची. पण मग हेही लक्षात ठेवा की शवपेटी उचलणाऱ्यांत अॅलन प्रोस्ट होता. इतकी वर्षं ज्याच्याशी उभा दावा तोच खांदा द्यायला आला, आणि नंतर सेन्नाच्या बहिणीने मुलांच्या शिक्षणासाठी जी संस्था काढली तिच्या कामातही होता. प्रोस्टने त्याला देव न करता माफ केलं. आपल्याला दोन्हींतलं एकच जमतं बहुतेक वेळा, देव तरी करतो नाहीतर चिखल तरी फेकतो.

प्रश्न: मुलाला रेसिंगचं वेड लागलंय. आता हा खेळ सेफ आहे का?

उत्तर: पूर्ण सेफ कधीच नसणार. पण इमोलानंतर खूप बदललं, तांबुरेलोचं वळणच बदलून तिथे वेग कमी करणारं शिकेन आलं, कॉकपिटच्या कडा उंच झाल्या, चाकं उडू नयेत म्हणून दोर आले, नंतर मान झटका खाऊ नये म्हणून हान्स नावाचा पट्टा-आधार. तरीही २०१४ ला सुझुकाला ड्रायव्हर ज्यूल्स बियांकीची गाडी दुसरी बंद पडलेली गाडी उचलायला आलेल्या ट्रॅक्टरवर आदळली आणि नऊ महिन्यांनी तो गेला. २०१८ पासून हेलो आहे, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची मजबूत कमान, तो दिसतो भयानक, मीही तेव्हा नाक मुरडलं होतं, पण २०२० ला बहरीनमध्ये ड्रायव्हर ग्रोजाँची गाडी बॅरिअरमध्ये घुसून पेटली आणि तो स्वतः बाहेर पडला. मुलाला बघू द्या, शेजारी बसा.

प्रश्न: पुढच्या १ मे ला क्लिप नाही तर मग बघायचं काय?

उत्तर: इंग्लंडचा डॉनिंग्टन ट्रॅक, १९९३, पहिला लॅप. पाऊस पडतोय, सुरुवातीला तो पाचव्या नंबरवर ढकलला जातो आणि मग शूमाकर, वेंडलिंगर, हिल, प्रोस्ट, एकेकाला मागे टाकत लॅप संपायच्या आत पहिला. दीड-पावणेदोन मिनिटांचा मामला आहे. दोनदा बघा, दुसऱ्यांदा फक्त तो कुठल्या लाइनने जातो तेवढंच बघा, बाकीचे जिथे घसरायला घाबरतात तिथून तो बाहेरून जातोय. आणि घरच्यांना पण बसवा शेजारी.