जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालत नाही, मग नवा घ्यावा का?

सात-आठ वर्षांचा कॉम्प्युटर विंडोज ११ ला नकार देतोय म्हणून तो बदलायचा का, हा तुमचा प्रश्न. लगेच बदलू नका. आधी मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवा, नेमकं कुठे अडतंय ते कळेल.

टीपीएम २.० वर, म्हणजे विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेवर, अडत असेल तर बऱ्याचदा ते मशीनमध्ये असतंच, फक्त बंद असतं. माझ्या लॅपटॉपचं हेच झालं होतं. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) ‘पीटीटी’ नावाची इंटेलची सेटिंग चालू केली आणि तोच लॅपटॉप तपासणीत पास झाला. एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्या मशीनवर तिला ‘एफटीपीएम’ म्हणतात. सेटिंगला हात लावण्याआधी बॅकअप मात्र घ्याच.

प्रोसेसरच मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत नसेल (इंटेलचा साधारण आठव्या पिढीच्या आधीचा) तर गोष्ट वेगळी. अट चुकवून विंडोज ११ टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. रोजच्या कामाच्या मशीनवर मी हे करणार नाही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर बँकेचे व्यवहार करत असाल तर कृपा करून फार दिवस तसंच राहू नका. काम ब्राउझर, ईमेल आणि लिखाणापुरतं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका. पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, आधी चालवून बघता येतं. प्रिंटर आणि वायफाय तिथेच तपासा. हार्ड डिस्क जुनी फिरती असेल तर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा, फरक पहिल्यांदा सुरू करतानाच दिसेल.

तुमचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल, तरच नव्या मशीनचा विचार करा.