चेहरा नितळ करताना त्वचा कुठे जाते?

प्रश्न : मी तासगावात लग्नाचे आणि बायोडाटाचे फोटो काढतो. मुरमांचे डाग घालवायला फोटोशॉपमध्ये चेहरा ब्लर करतो. हल्ली मुलीच म्हणतात, ‘दादा, चेहरा प्लास्टिकचा दिसतोय.’ ब्लर कमी केला तर डाग दिसतात. काय करावं?

उत्तर : त्या मुलींचं बरोबर आहे. ब्लर कमी-जास्त करून हे सुटायचं नाही, कारण ब्लरला डाग आणि रंध्रं यांतला फरक कळत नाही. गालावरची लव, ओठांवरच्या रेषा, नाकाच्या शेंड्याची रंध्रं आधी जातात. मुरमाचा तांबूस ठपका मात्र पसरून तिथंच राहतो.

एखादा बरा झालेला मुरुम 100 टक्के झूम करून बघा. उंचवटा गेलेला असतो, रंध्रं शाबूत असतात, फक्त ती जागा शेजारच्या त्वचेपेक्षा थोडी गडद आणि लालसर असते. खटकतो तो रंग आणि छटा. मग तिथला पोत पुसायचं कारणच काय? ती जागा जरा उजळली की काम झालं.

माझे वडील हेच शिसपेन्सिलीने करायचे. सांगलीच्या खणभागातल्या आमच्या स्टुडिओत खिडकीशी रिटचिंगचं डेस्क होतं. चेहऱ्यावरचा गडद डाग निगेटिव्हमध्ये उलटा, म्हणजे पारदर्शक ठिपका दिसतो. निगेटिव्हवर आधी रिटचिंगचं मिडियम चोळायचं, म्हणजे शिसं धरतं. मग सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने त्या ठिपक्यात हलक्या हाताने बारीक खुणा भरत जायच्या. छापल्यावर तेवढीच जागा उजळ येई आणि खालची त्वचा तशीच राही. फोटोशॉपमधलं डॉज अँड बर्न (एखादी जागा उजळणं किंवा गडद करणं) म्हणजे तंतोतंत तेच काम, आणि माझा सगळा भर त्यावरच आहे.

पद्धत सांगतो. ताजे, फुगलेले मुरुम तेवढे आधी रिकाम्या नव्या लेयरवर (फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक थरावर) हीलिंग ब्रशने काढा. ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा घ्या आणि नमुना अगदी शेजारून उचला. कपाळाची त्वचा गालावर चालत नाही आणि नाकाची कुठेच चालत नाही, कारण रंध्रांचा आकार वेगळा, प्रकाश येतो ती बाजू वेगळी. त्यानंतर 50 टक्के करड्या रंगाचा लेयर घालून तो सॉफ्ट लाइट मोडवर टाका. मऊ ब्रश, फ्लो (एका फटक्यात उतरणारा रंग) 3-4 टक्के. पांढऱ्याने उजळायचं, काळ्याने गडद करायचं. एका फटक्यात काही दिसलं तर फ्लो जास्त झाला असं समजा. ठपके नीट दिसावेत म्हणून सगळ्यात वर ब्लॅक अँड व्हाइटचा तात्पुरता लेयर घालून त्यातला लाल खाली ओढा, म्हणजे लपलेले डागही उठून दिसतात. काम झाल्यावर तो काढायचा. जागा उजळूनही लाली उरली, तर कलर मोडच्या वेगळ्या लेयरवर शेजारच्या त्वचेचा रंग हलकासा फिरवा. वांग असेल तर निम्माच कमी करा. पूर्ण घालवलात तर माणूस ओळखू येत नाही.

फ्रिक्वेन्सी सेपरेशनची, म्हणजे रंग आणि पोत वेगवेगळ्या लेयरवर घेण्याची, हल्ली फार चलती आहे, म्हणून तेही सांगतो. फोटोच्या दोन प्रती घ्यायच्या. खालची रंध्रं नाहीशी होतील एवढीच ब्लर करायची. वरच्या प्रतीवर अप्लाय इमेजमध्ये खालची प्रत निवडून सबट्रॅक्ट, स्केल 2, ऑफसेट 128 (हे आकडे 8 बिटच्या फाइलसाठी), मग लेयर लिनियर लाइटवर. खाली रंग राहतो, वर पोत. कल्पना चांगलीच आहे. पण घाईत लोक अख्खा गाल लॅसोने घेऊन खालचा लेयर पुन्हा ब्लर करतात. रंध्रं राहतात, पण गालाच्या हाडाची उजळ बाजू आणि जबड्याखालची सावली एकमेकांत मिसळून चेहरा सपाट होतो. ही पद्धत मी फक्त घामाच्या तेलकट चकाकीसाठी वापरतो, तीही छोट्या छोट्या तुकड्यांत.

आणि एवढी मेहनत प्रत्येक फोटोवर घेऊ नका. लग्नाच्या अल्बमच्या 12 बाय 36 इंची करिझ्मा पानावर चेहरा दोन इंचांचा असेल, तर 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) तो जेमतेम 600 पिक्सेल भरतो. तिथं रंध्रं दिसतच नाहीत. ठळक डाग काढा आणि पुढं चला. वेळ द्यायचा तो फ्रेमच्या फोटोला.

प्रश्न : आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला आजी-आजोबांचा मोठा फोटो फ्रेम करायचाय. मोबाइलच्या अ‍ॅपने सुरकुत्या काढल्या, तर आजीचं कपाळावरचं गोंदण आणि आजोबांच्या गालावरचे देवीचे वणही गेले. भाऊ म्हणतो, छान दिसतंय. मला बघवत नाही. — एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचं मन बरोबर सांगतंय. अ‍ॅपच्या लेखी गोंदण हाही डागच. मुरुम, घामोळं, डास चावल्याची गांधी या पाहुण्या गोष्टी आहेत, त्या खुशाल काढाव्यात. तीळ, गोंदण, वण हा माणसाचा चेहरा आहे. भारत 1977 मध्ये देवीमुक्त जाहीर झाला, त्यामुळे हे वण आता आजोबांच्या पिढीच्याच चेहऱ्यांवर दिसतात. नातवंडांच्या मुलांना ते या फोटोतच बघायला मिळतील. ते ठेवाच.

अ‍ॅपचा फोटो बाजूला ठेवा आणि मूळ फोटो स्टुडिओत द्या. देताना एवढं स्पष्ट सांगा : सुरकुती राहू दे, तिच्या खळग्यातली सावली तेवढी थोडी हलकी करा. डोळ्यांखालचा काळेपणा थोडा कमी. त्वचेचा रंग एकसारखा करताना गोंदणावर मास्क ठेवा, नाहीतर त्याचा निळसर-हिरवा रंग तपकिरी होतो आणि ते घाणीसारखं दिसायला लागतं.

मूळ फोटोच उन्हात काढलेला असेल, तर खरं सांगतो, पुन्हा काढा. दोघांना ओसरीत, दाराकडे तोंड करून सावलीत बसवा. बाजूने येणारं कडक ऊन प्रत्येक सुरकुतीची सावली पाडतं. दारातून येणारा मऊ उजेड त्या सावल्या आपोआप भरतो. मोबाइलने काढणार असाल तर ब्यूटी मोड आधी बंद करा. पुष्कळ फोनमध्ये तो सेल्फीला मुळातच चालू असतो आणि त्यात पुसलेली त्वचा नंतर कुणालाही परत आणता येत नाही.

प्रश्न : मुलीचे वडील म्हणतात, ‘जरा गोरी करून द्या.’ नाही म्हटलं तर ऑर्डर जाते. — विटा

उत्तर : त्यांना दोन प्रिंट काढून दाखवा, चार बाय सहाच्या. एक खऱ्या रंगाची, एक गोरी केलेली. गोऱ्या प्रिंटमध्ये मान आणि हात चेहऱ्याशी जुळत नाहीत, हे घरच्यांना लगेच दिसतं. शिवाय त्वचेत लाल चॅनेल (फोटोतला लाल रंगाचा हिस्सा) सगळ्यात उजळ असतो. चेहरा उजळत नेला की तो आधी 255 ला, म्हणजे कमाल उजळपणाला टेकतो आणि कपाळ, नाक, गालाचा उंचवटा इथला तपशील कायमचा जातो. सावळ्या रंगावरची झळाळी याच जागांवर असते. मुलगी सुंदर दिसते ती त्या झळाळीमुळे, आणि ती घालवायचे पैसे मी घेत नाही. तुम्हीही घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

चेहरा काळवंडलेला येत असेल, तर मात्र तक्रार खरी आहे. पांढऱ्या बॅकड्रॉपला भुलून कॅमेरा एक्स्पोजर कमी करतो. मोजमाप चेहऱ्यावरून घ्या, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) लाल चॅनेल वेगळा बघा. हळदीच्या मांडवात तर पिवळ्या कापडाची छटा सगळ्यांच्याच तोंडावर येते. तिथं पहिल्या फोटोआधी नवरीच्या हातात ग्रे कार्ड (करड्या रंगाचा पुठ्ठा) देऊन एक फ्रेम घ्या आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा सुधारणारी सेटिंग) त्यावरून लावा.