काळ्या मातीत सायकलची कोणती बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचे दांडे ज्यावर फिरतात तो ॲक्सल-बेअरिंगचा भाग) जास्त टिकते: चौकोनी ॲक्सलची की बाहेरच्या बेअरिंगची?

यावल-रावेरकडे केळीच्या बांधावरून रोज सायकल जाणार असेल, तर डोळे झाकून चौकोनी ॲक्सलची सीलबंद कार्ट्रिज बीबी घ्या. तिचं बेअरिंग फ्रेमच्या नळीत असतं, चिखल थेट पोचत नाही. 24 मिमी पोकळ ॲक्सलच्या क्रँकसेटमध्ये (क्रँक म्हणजे पेडलचा दांडा) बेअरिंग बाहेरच्या कपात असतं. तो क्रँक हलका आणि ताठ, पण धूळ थेट सीलवर बसते. त्यात धुताना प्रेशरचा फवारा तिथेच मारला की पाणी आत शिरतं, ग्रीस जातं आणि बेअरिंग खरखरू लागतं. सुट्या छर्‍यांची जुनी बीबी स्वस्त खरी, पण पावसाळा संपला की उघडून ग्रीस भरावंच लागतं.

68 मिमी रुंद बीबी-नळीच्या, इंग्लिश आट्यांच्या फ्रेमला उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचा. ॲक्सलची लांबी जुन्याइतकीच घ्या, नाहीतर चेन तिरकी चालते. क्रँकचा बोल्ट 35 ते 50 न्यूटन-मीटर आवळा. ढिला राहिला तर ॲल्युमिनियम क्रँकचं चौकोनी भोक झिजतं. मग बीबी नवी टाकूनही क्रँक हलतोच.

बदलण्याआधी क्रँक आडवा हलवून बघा. दोन्ही क्रँक एकत्र हलले तर बीबी गेली, एकच हलला तर आधी त्याचा बोल्ट तपासा.