व्हिडिओ बघून केलेली तांदळाची भाकरी चिरते, आई म्हणते "पाणी अंदाजाने घाल". नक्की किती?

वाटीभर पिठाला वाटीभर पाणी. पाणी मीठ घालून खळखळ उकळलं की पीठ घाला, ढवळा, गॅस बंद करून ५ मिनिटं झाकून ठेवा. तांदळात ग्लुटेन नसतं, उकडीनेच पिठाला चिकटपणा येतो. कोमट पाण्यात भिजवलं तर कडा चिरणारच. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळव्याने रगडून मळा. इथेच बहुतेक जण कंटाळा करतात.

आईचा अंदाज म्हणजे पिठाची पारख: जुन्या तांदळाला २-३ चमचे पाणी जास्त लागतं, नव्याला कमी. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पूर्ण सुकायच्या आत उलटा. नवी मुंबईत ऐरोली-बेलापूरकडे तांदळाची भाकरी नेहमी करणारा आगरी-कोळी शेजार असेल तर त्यांच्या मळलेल्या उकडीला एकदा हात लावून बघा, मऊपणा लगेच कळेल.