‘द इटालियन जॉब’मधल्या स्टीव्हने साथीदारांना दगा का दिला? त्याचा वाटा त्याला मिळणारच होता ना?

प्रश्न विचारतानाच तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की दगा वाट्यासाठी देतात. कुणी सांगितलं?

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही गलाईवाले. गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, दुकान इंदूरच्या सराफ्यात, आजोबांपासून. भारतातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, जुनं सोनं गाळून देणारा माणूस बहुतेक वेळा विटा, खानापूर, आटपाडीकडचाच निघतो. त्यामुळे हा सिनेमा लागला की बाकीचे लोक मिनी गाड्यांची पळापळ बघतात आणि आमच्या घरात लगडींवर, म्हणजे सोन्याच्या विटांवर, चर्चा होते.

तर लगडींचं आधी उरकून घेऊ. सिनेमात चार्लीच्या टोळीने व्हेनिसमधून उडवलेलं सोनं साडेतीन कोटी डॉलरचं, आणि टोळीतलाच स्टीव्ह ते सगळं घेऊन पळतो. 2003 साली औंसाचा भाव साधारण 360 डॉलर होता, म्हणजे माल झाला तीन टनांच्या आसपास. लॉस एंजेलिसला पोचेपर्यंत स्टीव्हने थोडा विकलाय, 2 कोटी 70 लाखांचा उरलाय, म्हणजे तरी सव्वादोन टनांच्या वर. तो टोळीने परत उडवून तीन मिनींत घालायचा. एकेका गाडीत साडेसातशे किलोच्या पुढे, वर चालवणारा. गाडीचंच वजन अकराशे किलोच्या आसपास असेल. स्प्रिंगा बिंगा बदलून घेतात ते दाखवलंय, म्हणून सोडून देऊ. पण स्टीव्हचा एक गाढवपणा मला आजही सहन होत नाही. त्या लगडींवर बालीच्या नर्तकीचा शिक्का आहे, आणि हा महाभाग शिक्क्यासकट लगडी बाजारात नेतो! म्हणूनच तो येव्हेन नावाचा युक्रेनी सोनेवाला ओळखतो, की हे व्हेनिसचं. मग स्टीव्ह त्याला मारतो, आणि तोच खून पुढे याच्या गळ्याशी येतो. अरे बाबा, सोनं 1064 अंशांना वितळतं. भट्टी, मूस (सोनं वितळवायचं भांडं), चिमूटभर टाकणखार, आणि नर्तकी गेली. सराफ्यात नुकता आलेला पोरगाही हे सांगेल. साडेतीन कोटींचा माल मारणाऱ्याला मूस घ्यायची अक्कल नाही?

आता तुमच्या प्रश्नाकडे. चोरी झाल्यावर सगळे आपापल्या वाट्याचं काय करणार ते बोलत बसतात, तो प्रसंग आठवा. एकाला अॅस्टन मार्टिन हवी, एकाला भिंती हादरवणारे स्पीकर, एकाला जुन्या पुस्तकांची खोली आणि बुटांसाठी वेगळी खोली. स्टीव्हला विचारलं तर त्याचं अजून ठरलेलं नाही. नंतर एक वर्षाने त्याचं घर दिसतं, आणि त्यात काय असतं? बाकीच्यांनी मागितलेल्याच वस्तू. चार्ली त्याला तोंडावर म्हणतो, की तुला कल्पनाशक्तीच नाही. हेच तुमचं उत्तर आहे. वाटा त्याला मिळणार होता, पण वाटा घेऊन करायचं काय हे त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांना हवं असणं त्याला हवं होतं. ते वाटून मिळत नाही, सगळं उचलावं लागतं.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. आमच्या दुकानात स्टीव्ह होता.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, भागीदार. नाव लिहीत नाही, त्याची मुलं आता मोठी आहेत. शेजारच्या गावचा माणूस, निम्मा हिस्सा, दुकानाच्या माडीवर दोघं एकत्र राहायचे. आई आणि आम्ही रामबागेत भाड्याने. सराफा रात्री कसा असतो हे इंदूरबाहेरच्यांना सांगायला हवं: दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात. थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, बाकी भुट्ट्याचा कीस, जिलबी. अण्णा आणि तो खाऊन माडीवर जायचे आणि अण्णा बोलत सुटायचे. गावाकडे बोअर मारायची. स्लॅबचं घर बांधायचं, वर गॅलरी, ती पूर्वेला, म्हणजे सकाळी चहा घेताना ऊन अंगावर येईल. जत्रेत पहिल्या नंबरच्या पैलवानाला चांदीची गदा आपल्या दुकानाच्या नावाने. मी कॉलेजात होतो, कधीमधी मुक्कामाला असायचो, तेव्हा हे सगळं इतकं ऐकलंय की पाठ झालं होतं. भागीदार आडवा पडून ऐकायचा. ‘हं’ म्हणायचा. स्वतःचं कधी काही सांगितलं नाही त्याने, आणि अण्णांनी विचारलंही नाही.

2004 ची धनत्रयोदशी जवळ आली होती. त्या दिवसांत गलाईवाल्याकडे किती लोकांचा माल पडून असतो ते बाहेरच्याला कळणार नाही. सराफ जुने दागिने देतो, आम्ही वजन करतो, चिठ्ठी फाडतो, वहीत लिहितो. मग त्यात चांदी मिसळून गाळायचं, शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक अॅसिडमध्ये, उकळायचं, चांदी-तांबं निघून जातं, खाली तपकिरी भुकटी उरते. बघितली तर चहाची भुकटी वाटेल. तीच पुन्हा गाळली की शुद्ध सोनं. या सगळ्या वेळात त्या सराफाकडे पुरावा काय, तर एक कागदाचा तुकडा.

सकाळी अण्णांनी शटर उचललं तर भट्टी विझलेली, मूस उपडी घातलेली, तिच्या तळाला टाकणखाराची हिरवट काच चिकटलेली. 340 ग्रॅम सोनं नाही आणि भागीदार नाही. वही मात्र गादीवर जागच्या जागी होती, वर दौतीसारखी पेपरवेट ठेवलेली.

त्या वहीवरून आमच्या घरात इतकी वर्षं वाद चालू आहे. माझा चुलत भाऊ बापू म्हणतो, लोभी माणूस, सोनं दिसलं आणि पळाला. मी म्हणतो, लोभी असता तर वही आधी जाळली असती. वही नसती तर कोणाचे किती ग्रॅम यावरून सराफांमध्येच सहा महिने भांडणं लागली असती आणि त्याचा माग कुणी काढला नसता. वही त्याने नीट ठेवली, कारण अण्णांनी निस्तरत बसावं हेच त्याला हवं होतं. बापूला हे पटत नाही. त्याला सिनेमातला स्टीव्हही फक्त लोभी वाटतो.

अण्णांनी निस्तरलं. पोलिसांत गेले नाहीत. वही घेऊन एकेका दुकानाची पायरी चढले आणि म्हणाले, तुमचं इतकं सोनं माझ्याकडे निघतं, सोन्यातच परत करीन. रुपयात नाही. इथे सराफही चक्रावले. कारण त्या वर्षी दहा ग्रॅमचा भाव 6,000 च्या आसपास होता. त्या दिवशीच्या भावाने रक्कम ठरवली असती तर दोन-तीन वर्षांत मोकळे झाले असते. सोन्यात कबूल केलं आणि भाव चढत गेला. 2011 मध्ये तो 25,000 च्या वर होता. शेवटचे ग्रॅम अण्णांनी चौपट भावात फेडले. आईच्या पाटल्या गेल्या, गावाकडची जमीन गेली, माझं पुढचं शिक्षण गेलं आणि मी भट्टीवर बसलो. त्याबद्दल मला अण्णांचा राग नाही. असला तर तो बापूचा आहे, ते पुढे सांगतो.

दरम्यान भागीदाराने दक्षिणेत एका शहरात दुकान टाकलं होतं. गावाकडून फोन यायचे. त्याने बोअर मारली. त्याने स्लॅबचं घर बांधलं. जत्रेत चांदीची गदा दिली, दुकानाच्या नावाने. एका फोनवर अण्णांनी एवढंच विचारलं, “गॅलरी कुठल्या अंगाला काढलीय?” पलीकडून उत्तर आलं, पूर्वेला. अण्णांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, जोशींचा माल तयार झाला का बघ.

तुम्ही विचाराल, याच्याएवढी साधी गोष्ट त्या माणसाने मागितली असती तर? अण्णांनी त्याला निम्मा हिस्सा दिलाच होता, अजून चार पैसे दिले असते. तेच तर. मागायला आधी काय हवंय ते माहीत असावं लागतं.

2012 च्या जानेवारीत अब्बास-मस्तान यांचा ‘प्लेयर्स’ आला, याच इंग्रजी सिनेमाचा अधिकृत हिंदी अवतार. बापूने आग्रहाने नेलं. दगा देणारा नील नितीन मुकेश. मध्यंतरातच बापू सुरू झाला, की असल्या माणसाचे हातपाय तोडायला हवे होते, अण्णा भित्रे निघाले. मी त्याला इंग्रजी सिनेमाचा शेवट सांगितला. स्टेला, जिचा बाप स्टीव्हने मारलाय, ती काय करते? एक ठोसा मारते, बस. चार्लीची टोळी आधी सोनं परत मिळवते. स्टीव्हचा निकाल ती टोळी लावतच नाही. येव्हेनचा भाऊबंद माश्कोव्ह माणसं घेऊन येतो आणि त्याला घेऊन जातो. बापू म्हणाला, हा कसला बदला, दुसऱ्याच्या हातून? मी म्हणालो, हाच बदला. पॉपकॉर्न तसंच राहिलं, मागचे लोक शुक् शुक् करायला लागले.

कारण आमच्याकडे नेमकं तेच घडलं होतं. धंद्यात भागीदार पळाला की बाजार आधी कोणाकडे बघतो? पळालेल्याकडे नाही, राहिलेल्याकडे. दोघं मिळालेले असतील, हा इथे बसून तोंड सारवतोय, असंच लोक धरून चालतात. अण्णा चार पोरं घेऊन त्याच्या मागे गेले असते तर सराफा म्हणाला असता, वाटणीवरून भांडण झालं. अण्णांनी ग्रॅम ग्रॅम फेडलं आणि त्या माणसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. बोलले ते सराफ. इंदूरच्या सराफाचा मेहुणा एका शहरात, साडू दुसऱ्या शहरात. त्या दक्षिणेतल्या दुकानात माल यायचा हळूहळू थांबला. गलाईवाल्याकडे माल आला नाही की उरते फक्त भट्टी. आता तो मोबाईलची कव्हरं विकतो असं ऐकतो. बापूचं म्हणणं, याचं श्रेय अण्णांना नाही, तो कर्माने बुडाला. बापूला श्रेय द्यायचंच नसतं कुणाला.

आता थोडं इकडचं तिकडचं, नाहीतर खाली लोक येऊन सांगतील. 1969 च्या मूळ सिनेमात, मायकेल केनच्या, हा दगा नाहीच. तिथे ट्यूरिनमध्ये चोरी होते, भांडण माफियाशी, आणि शेवटी बस कड्यावर लटकते, एका टोकाला सोनं आणि दुसऱ्या टोकाला माणसं. दगा 2003 वाल्यांनी घातला. त्यामुळे ‘स्टीव्हने असं का केलं’ याचं एक उत्तर असंही आहे, की नव्या सिनेमाला खलनायक हवा होता. शिवाय ते काम करणाऱ्या एडवर्ड नॉर्टनलाही हा सिनेमा करायचा नव्हता. पॅरामाउंटशी जुना करार होता म्हणून नाइलाजाने केला, प्रचारालाही फिरकला नाही. पडद्यावर तो कशातच रमलेला दिसत नाही, ते मला तरी भूमिकेला शोभतं. आणि सगळे भागीदार असे नसतात. माझा सध्याचा भागीदार उत्तम आहे. त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, पैसे आले तर काय करशील? म्हणाला, एक म्हैस घेईन आणि पोहायला शिकेन. दोन्ही केलं त्याने. म्हैस गावाकडे आहे.

बापू, हे उत्तर कुणीतरी तुला पाठवणारच, म्हणून इथेच लिहून ठेवतो. अण्णा भित्रे होते हे तू यंदाही वास्तुशांतीच्या पंगतीत चारचौघांत म्हणालास. तू जी चार पोरं घेऊन हातपाय तोडायला निघाला होतास, त्यातली दोघं पुढच्याच वर्षी त्याच्या दुकानात कामाला लागली. पगार बरा होता म्हणे.